गॅस हुंगणारं यंत्र

शनिवार पेठ, सातारा
४ सप्टेंबर १९७८

प्रिय नेमिनाथ,

बोर्डिंगात असताना तू वॉर्डनच्या रेडिओचं पोट फाडून आत माणसं बसलेली नाहीत हे सिद्ध केलं होतंस. छड्या मात्र मी खाल्ल्या, कारण तुझी बाजू मांडायला मी उभा राहिलो. ते पोट फाडणारं डोकं आज मला पुन्हा हवं आहे.

तुझ्या वहिनीचं, बनूचं, उजवं अंग आणि वाचा गेल्या फाल्गुनात गेली, हे तुला कळवलं होतं. त्यात तिची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, चुलीचा धूर आधी बंद करा. आमचा पोरगा अर्जुना फौजेत, तिकडं तेजपूरला. त्यानं खटपट करून गॅसचा नंबर लावला आणि दोन महिन्यांपूर्वी तो लाल सिलिंडर घरात येऊन बसला. स्वयंपाक मीच करतो. ज्या हातांनी मी भरल्या सभेत मुठी आवळल्या, त्यांना आता भाकरी येत नाही, म्हणून भात.

माझं नाक तुला माहीत आहे. मोर्चात लाठी बसली तेव्हापासून ते चष्मा टेकवण्यापुरतं उरलं आहे. वास म्हणून काही येत नाही. परवा भात टाकायचा म्हणून काडी ओढणार, तोच शेजारच्या धोंडुबाईनं आत येऊन माझं मनगट धरलं. "आवं दादा, काडी टाका ती! समद्या बोळात गॅसचा वास मारतोय. किती हाका मारू?" शेगडीचा कान अर्धवट फिरलेला होता. किती वेळ, कोण जाणे.

मी गेलो तर गावात एक भाषण कमी होईल. पण मधल्या खोलीत बनू खाटेवर आहे. तिला उठता येत नाही, ओरडता येत नाही. हिला मी माझ्या हातानं जाळणार की काय, हा विचार दिवसभर पाठ सोडत नाही.

गॅस सुटला की आपण होऊन घंटा वाजेल असं यंत्र जपानात निघाल्याचं मी वाचलं. जपान्यांना जमतं ते विश्रामबागेत का जमू नये? कॉलेजच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं पोरांना तराजूनं मोजायला शिकवतोस. आता हे कर. घंटा मोठी असू दे.

तुझा,
सयाजी

*

विश्रामबाग, सांगली
११ सप्टेंबर १९७८

प्रिय सयाजी,

जय जिनेंद्र. पत्र वाचून चंदनबाला म्हणाली, "भावजींना म्हणावं, आधी शेगडी बाहेर काढा, मग भाषण करा." तिचं ऐक. यंत्र होईपर्यंत स्वयंपाक झाला की सिलिंडरचीच चावी बंद करत जा, नुसता शेगडीचा कान नव्हे.

आता यंत्र. हुंगायला काय वापरायचं, हा पहिला प्रश्न. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, प्लॅटिनमची केसासारखी तार. ती तापवून ठेवायची. गॅस आला की तो तारेवर जळतो, तार आणखी तापते आणि काटा हलतो. तार आमच्या लॅबमध्ये आहे. पण तुमच्याकडं वीज कधी दिव्याला पुरते, कधी पुरत नाही. दाब खालीवर झाला की काटा उगाच नाचेल. शिवाय गॅस शोधायला तापलेली तार ठेवायची, म्हणजे चोर पकडायला दरोडेखोर.

दुसरी, तुझी जपानी वस्तू. तांदळाच्या चार दाण्यांएवढी, वर जाळीची टोपी. पुतण्या जवाहर मुंबईत जहाजांच्या वायरलेसवर आहे, त्याला लिहिलंय.

आणि घंटा विसर. विजेच्या घंटेत प्रत्येक ठोक्याला ठिणगी उडते. गॅसनं भरलेल्या खोलीत घंटा वाजवायची म्हणजे तूच काडी ओढल्यासारखं. त्याऐवजी ट्रान्झिस्टरची शिट्टी देतो. बारीक, पण कानात घुसणारी.

एक सांग, घरात तुझ्याखेरीज कोणी वास घेणारं आहे का? दिवसा कोण येतं-जातं?

तुझा,
नेमिनाथ

*

सातारा
१९ सप्टेंबर १९७८

प्रिय नेमू,

घरात कोण आहे विचारतोस. कोणी नाही. जोवर मी मंचावर होतो तोवर या घराचा उंबरा झिजत होता. आता धोंडुबाई तेवढी येते, तीही नवऱ्याला, आप्पासोला, चोरून. तो आणि मी एका भिंतीला भिंत लावून राहतो, पण कारखान्याच्या निवडणुकीत तो चेअरमनच्या मागं गेला आणि मी त्याला चौकात उभं राहून विकलेला माणूस म्हणालो. त्यानंतर आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. मी तो शब्द परत घेणार नाही.

बनूचं काय सांगू? जिनं या पेठेतल्या बायकांना रात्रीच्या वर्गात बाराखडी शिकवली, ती आज छताकडं पाहत पडते. डॉक्टर म्हणतात समज कितपत उरलीय ते सांगता येत नाही. मध्यंतरी डाव्या हातानं वाटी खाटेवर आपटायचा नादच लागला होता. पाणी दिलं तरी आपटते, कूस बदलली तरी आपटते. तिची बोटं सुजली म्हणून वाटी काढून घेतली.

मी थकलोय रे. दहिवडीहून माणसं आली होती. माण तालुक्यात या वर्षीही पाण्याची बोंब आहे, दादा तुम्ही या, तुमच्याशिवाय कोण बोलणार? चाळीस वर्षं ज्या हाकेवर मी जेवणाचं ताट सोडून उठलो, तिला या वेळी म्हणालो, बघू. एक संध्याकाळ बाहेर पडायचं तरी भीती वाटते. यंत्र झालं की जाईन.

शिट्टी कसली देतोस? तीही बारीक! पोपट पाळायचा नाही मला. घंटाच हवी. भारदस्त, खालच्या आवाजाची, शाळेच्या तासासारखी.

तुझा,
सयाजी

*

विश्रामबाग, सांगली
१६ ऑक्टोबर १९७८

प्रिय सयाजी,

यंत्र आष्ट्याच्या सिद्धूबरोबर पाठवलंय. त्याची गाडी साताऱ्यावरून पुढं जाते. लाकडी डबा मीच केला, रंग चंदनबालाच्या पसंतीचा, त्याबद्दल मला बोलू नकोस.

अखेर जपानी वस्तूच बसवली. जवाहरनं एकच मिळवली, म्हणून प्रयोग करताना श्वास रोखून बसलो होतो. बाकी सगळं सांगलीतलं: जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, दोन ट्रान्झिस्टर आणि टेलिफोनच्या कानातली चकती. तीच शिट्टी घालते. तू घंटा घंटा करत राहिलास, पण ठिणगीचा धोका मी पत्करणार नाही.

डबा शेगडीशेजारी, जमिनीपासून घोट्याच्या उंचीवर ठोक. हा गॅस हवेहून जड, पाण्यासारखा तळाशी साठतो. लाइट जाऊन आली तर थोडा वेळ ते उगाच वाजेल, मग गप्प बसेल. तपासायला कापसावर स्पिरिट घेऊन जाळीजवळ धर. शिट्टी वाजली की मला कळव.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांना कळत नाही असं धरून चालू नकोस.

तुझा,
नेमिनाथ

*

सातारा
२४ ऑक्टोबर १९७८

प्रिय नेमू,

यंत्र मिळालं. सांगितलंस तसं ठोकलं. स्पिरिटचा कापूस धरला. तांबडा दिवा लागला. उत्तम चालतं.

धोंडुबाईची तक्रार एवढीच की फोडणी टाकली की ते किंचाळतं. "आवं दादा, मोहरी तडतडली की तुमचं भूत वरडतंय, आन तुमी खुशाल पळी हलवताय!" तिला म्हटलं, विज्ञानाला जरा सवड द्यावी लागते.

दिवाळीनंतर दहिवडीला जाईन म्हणतो.

तुझा,
सयाजी

*

विश्रामबाग, सांगली
४ नोव्हेंबर १९७८

प्रिय सयाजी,

दिवाळीला महावीरांपुढं ठेवलेला निर्वाणलाडू वेगळा पाठवतोय. वहिनींना कुस्करून दे.

फोडणीला वाजणं हा त्या वस्तूचा स्वभावच आहे. तिला धूर आणि गॅस यांतला भेद नीट कळत नाही. डब्याच्या मागं एक स्क्रू आहे, तो किंचित डावीकडं फिरव. फार नको, नाहीतर खरा गॅस आला तरी झोपून राहील.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. तू लिहितोस, दिवा लागला. शिट्टी वाजली असं तू कुठंच लिहिलेलं नाहीस. वाजली ते धोंडुबाई सांगतात. सयाजी, ती शिट्टी तुला ऐकू येते का? मंचावर कर्ण्याखाली आयुष्य काढलेल्या माणसांचे वरच्या सुराचे कान आधी जातात. यात लाज कसली? सांगितलंस तर सूर खाली आणतो. एक कपॅसिटर बदलायचं काम आहे.

तुझा,
नेमिनाथ

*

सातारा
९ नोव्हेंबर १९७८

प्रिय नेमिनाथ,

माझे कान उत्तम आहेत. सभेत शेवटच्या रांगेतला माणूस काय कुजबुजतो ते मला आजही कळतं. यंत्र ठीक आहे. कपॅसिटर तुझ्या लॅबच्या पोरांना दे.

सयाजी

*

सातारा, शनवार पेठ
२१ नोव्हेंबर

नेमिनाथभाऊ यांस धोंडुबाईचा नमस्कार.

मी दादांच्या शेजारची. पत्र माझ्या हातचंच हाय. बनुबाईंनीच मला लिवायला शिकवलं, चुकलं तर समजून घ्या. तुमचा पत्ता डब्याच्या बुडाला चिकटीवलाय, तितनं घेतला. दादांना सांगितलेलं न्हाई.

काल दुपारी मी परसात वाळवण काढत हुते. तुमच्या डब्याची शिट्टी लागली. मला वाटलं फोडणी आसंल. पण थांबंनाच. मागनं खाड खाड असा आवाज. मी भित्तीवरनं डोकावले तर वास आला. पळत आत गेले. दूध उतू जाऊन शेगडी इझलेली आन गॅस चालूच. यंत्र गळा काढून वरडतंय, तांबडा दिवा लागलाय, आन दादा त्याच्याकडं पाठ करून पाटावर पेपर वाचत बसलेलं! मांजरसुदिक पळून गेलेलं, भाऊ, पण ह्यो बाबा जागचा हलंना. बरं झालं बिडी वडत न्हाईत.

मी चावी बंद केली, दारं उगडली. मग बनुबाईंकडं गेले. खाटंच्या लोखंडावर डावा हात आपटून आपटून त्यांनी सगळ्या बांगड्या फोडल्या हुत्या. हाताला वाटी नव्हती न्हवं. मनगटातनं रगत. नवरा जिता असताना सवाष्णीनं आपल्या हातानं बांगड्या फोडल्या. घरी येऊन सांगितलं तर आमचं मालक म्हणालं, "येडे, फोडल्या म्हून त्यो जिता हाय."

दादा म्हणत्यात, बनूला झटका आला. मला तसं वाटत न्हाई. तिला वास आला हुता. तिला समदं कळतंय. तुमी एकदा येऊन बगा. आनी त्यांच्या कानाचं बी बगा. ते आमाला मानायचं न्हाईत. आमी विकल्याली माणसं.

तुमची बहीण,
धोंडुबाई

*

विश्रामबाग, सांगली
५ डिसेंबर १९७८

प्रिय सयाजी,

परवा मी न सांगता आलो आणि तू दोन दिवस चांगलं खाऊ घातलंस. भात करपला होता, पण तुला सांगून उपयोग नव्हता, म्हणून खाल्ला. निघताना जे तोंडानं बोलता आलं नाही ते लिहितोय. तुझ्यापुढं बोलायला बोर्डिंगातही कोणाला जमलं नाही.

तू भाजी आणायला गेलास तेव्हा मी वहिनींपाशी बसलो. म्हटलं, वहिनी, होय असेल तर डावी तर्जनी उचला, नाही असेल तर मूठ. मी नेमिनाथ का? तर्जनी. मी मुंबईला राहतो का? मूठ. तुमच्या नवऱ्याला शिट्टी ऐकू येते का? मूठ, सयाजी. आणि अशी आवळली की बोटं पांढरी पडली.

मग स्वयंपाकघरात शेगडीचा कान एक क्षणभर फिरवून बंद केला. दारं उघडी होती, घाबरू नकोस. परत येऊन पाहतो तो वहिनींची तर्जनी वर. तुझं यंत्र तेव्हा गप्पच होतं. नंतर मोहरीची फोडणी केली. यंत्र ओरडलं. वहिनींची मूठ. जपानी वस्तूला जे कळत नाही ते त्यांना कळतं. मी महिनाभर मुंबईला पत्रं लिहीत राहिलो आणि या घरात सगळ्यात चांगलं हुंगणारं काय आहे हे मला सुचलं नाही. तुला तर नाहीच.

वाटी त्या उगाच आपटत नव्हत्या.

तेव्हा यंत्र बदलू. डबा राहू दे, रात्रीच्या राखणीला, त्याच्या शिट्टीनं वहिनींना जाग येईल. पण वहिनींच्या डाव्या हाताखाली एक बटण देतो, रबरात बंद केलेलं, म्हणजे त्यातली ठिणगी आतच राहील. त्याला सेल, म्हणजे लाइट गेली तरी काम चालेल. आणि तुला हवी होती ती घंटा, भारदस्त, ठिणगीवाली. ती तुझ्या घरात बसवता येत नाही, कारण तिथं गॅस. आणि बसवून उपयोगही नाही, कारण तिथं तू. ती भिंतीपलीकडं बसवायची. आप्पासोंच्या सोप्यात.

तार त्यांच्या भिंतीतून न्यायची तर त्यांना विचारायला हवं. मी विचारणार नाही. ते काम तुझं आहे.

तुझा,
नेमिनाथ

*

सातारा
१३ डिसेंबर १९७८

नेमिनाथ,

माझ्या घरात, माझ्या माघारी, माझ्या बायकोची कॉलेजच्या पोरांसारखी तोंडी परीक्षा घेतलीस. आणि वर प्रवचन.

आप्पासोच्या दारात मी जायचं? शेतकऱ्याच्या घामाचा भाव चेअरमनच्या बैठकीत ठरतो असं मी ज्या तोंडानं सांगत आलो, त्या तोंडानं त्याला म्हणायचं, बाबा रे, माझी बायको सांभाळ? कालच पेठेतल्या सभेत बोललो. तास दीड तास. शेवटी एक तरुण उठला, काही विचारलं. मी दुष्काळाच्या कामाबद्दल उत्तर दिलं. लोक हसले. बाहेर आल्यावर कळलं, त्यानं विचारलं होतं, वहिनींची तब्येत कशी आहे?

मी तर्जनीचा प्रयोग करून पाहिला नाही. मला धीर होत नाही. मूठ वळली तर मी काय करू?

सयाजी

*

विश्रामबाग, सांगली
१८ डिसेंबर १९७८

प्रिय सयाजी,

घंटा, बटण आणि तार पाठवली आहे. भिंतीला भोक पाडायला छिन्नी तुझ्याकडं असेलच.

मूठ वळली तर दुसरा प्रश्न विचार.

नेमिनाथ

*

सातारा
१४ जानेवारी १९७९

प्रिय नेमू,

पार्सल आठवडाभर कोपऱ्यात पडलं होतं. एका सकाळी बनूपाशी बसलो. विचारलं, आप्पासोकडं जाऊ का? तर्जनी. विचारलं, मी त्याला बोललो ते खोटं होतं का? मूठ. मग पुन्हा तर्जनी, दाराकडं. बरोबर असूनही जा, असं तिचं म्हणणं. चाळीस वर्षं माझी भाषणं ऐकून तिनं माझं एवढंच संपादन केलं.

गेलो. आप्पासो सोप्यात दाढी करत होता. मी नेहमीसारखी सुरुवात केली, आपल्यातले मतभेद तात्त्विक असले तरी, वगैरे. त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि मोठ्यानं, माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाला, "दादा, तुमाला ऐकू येत न्हाई हे पेठेला दोन वर्षं म्हाईत हाय. म्हून तर तुमच्या सभंत आमी बिनघोर शिव्या घालतो. भोक कुटं पाडू ते सांगा." छिन्नी त्यानंच चालवली. मध्येच म्हणाला, "पण विकल्याला न्हाई मी. चुकलो आसंल." मी माझा शब्द परत घेतला नाही. त्यानंही मागितला नाही. तार मात्र ओढायला आम्ही दोघं होतो.

घंटा बसली. आता तिची हकीकत ऐक.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदा वाजली. मला अर्थात कळलं नाही. धोंडुबाई पिठाच्या हातानं धावत आली तेव्हा कळलं. मागून आप्पासो, हातात ओलं पोतं. तिनं सिलिंडर पाहिला, बंद. शेगडी पाहिली, गार. हवेत काही नाही. मी म्हटलं, झटका आला असेल. धोंडुबाई म्हणाली, "आता गप बसा तुमी." बनूपाशी जाऊन म्हणाली, "बाई, काय हुतंय? गॅस?" मूठ. "पाणी?" मूठ. "दुखतंय?" मूठ. मग बनूनं डावा हात उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

फाल्गुनापासून मीच तिचे केस बांधतो. दोरीनं पेंढी बांधावी तसे. मला वाटलं होतं, नीट बांधतो.

धोंडुबाईनं दोघांनाही बाहेर हाकललं. "जावा, बायकांचं काम हाय." घरात खोबरेल नव्हतं, ते तिनं आप्पासोकरवी भिंतीवरून मागवलं. मी आणि आप्पासो पायरीवर बसलो. बोलायचं तर त्याला ओरडावं लागतं आणि मला ऐकावं लागतं, दोघांचीही ताकद नव्हती. दार उघडलं तेव्हा बनूची वेणी घातलेली होती आणि नव्या बांगड्या भरलेल्या, दोन्ही हातांत.

त्यानंतर घंटा रोज वाजते. गॅससाठी एकदाही नाही. कधी खिडकी उघडायची असते, कधी नुसतं धोंडुबाईनं येऊन बसायचं असतं. काल वाजली तेव्हा मी शेजारीच बसून तिला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत होतो. धोंडुबाई आली, तिनं विचारलं, मग मला हातवारे करून सांगितलं: बाई म्हणत्यात, पुरे.

दहिवडीच्या लोकांना पत्र घातलं. येईन, पण भाषण करणार नाही, पाटीवर प्रश्न लिहून आणा, त्यांची उत्तरं देईन. त्या संध्याकाळी बनूपाशी धोंडुबाई राहील. आप्पासो म्हणतो मला बसमध्ये बसवून देईल.

सिद्धूबरोबर थोडी जास्तीची तार पाठव. बनूची खाट खिडकीशी हलवायची आहे.

तुझा,
सयाजी